नेटवाल्याला फोन लावण्याआधी

विंडोजच्या लॅपटॉपवर घरचं नेट हळू चालत असेल, तर वही, पेन, राउटरला जोडायची लॅनची एक चांगली केबल आणि निवांत तासभर, एवढं हाताशी असलं की बसा. शक्यतो रात्री आठनंतर बसा, कारण नेट अडतं ते याच वेळेला. कॉम्प्युटरमधल्या कुठल्याही सेटिंगने प्लॅनपेक्षा जास्त वेग मिळत नाही. जो मिळतोय तो वाटेत कुठे सांडतोय, एवढंच आपल्याला शोधायचंय.

वहीत आधी प्लॅन लिहा, समजा 100 एमबीपीएस. हे मेगाबिट झाले. फाइल उतरताना ब्राउझर दाखवतो ते मेगाबाइट, म्हणून आठाने भागायचं. 100 च्या प्लॅनवर सेकंदाला 11-12 एमबी दिसत असतील, तर नेट पूर्ण वेगाने चाललंय. कंपनीच्या ॲपमध्ये महिन्याचा वापरही बघून ठेवा. 'अनलिमिटेड' प्लॅनलाही बहुधा मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग एकदम उतरतो.

आता लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा, घरातल्यांना पाच मिनिटं मोबाइल खाली ठेवायला सांगा आणि स्पीड टेस्ट तीनदा घ्या. तिन्ही आकडे लिहा. मग केबल काढून, रोज जिथे बसता तिथे बसून वायफायवर पुन्हा तीनदा. केबलवर 94 आणि बेडरूममध्ये 18 आले, तर लाइन ठीक आहे, अडचण वायफायची आहे. प्लॅन 200 किंवा 300 चा असून केबलवरही गाडी 95 च्या पुढे सरकत नसेल, तर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'इथरनेट' उघडून 'लिंक स्पीड' बघा. तिथे 100 दिसलं तर बहुतेक वेळा केबलच दोषी असते. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात. 100 ला चार पुरतात, गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, आठही लागतात. एखादी तार पिनेत नीट बसली नसली की जोडणी गुपचूप 100 वर येते. गिगाबिटला चालणारी कॅट-5ई केबल लावून बघा. तरीही 100 च राहिलं तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच तेवढा आहे.

त्याच सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नेटवर्क बँड' लिहिलेला असतो, म्हणजे वायफाय कुठल्या रेडिओ लहरींवर चालतंय ते: 2.4 की 5 गिगाहर्ट्झ. तिथे 2.4 गिगाहर्ट्झ असेल तर ते बदलणं हे या यादीतलं सगळ्यात फायद्याचं काम. 2.4 लांबवर पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे बोलायच्या पट्ट्या, तीनच, 1, 6 आणि 11, आणि सोसायटीत त्यांवर वरच्या-खालच्या सगळ्यांचे राउटर बोलत असतात. मायक्रोवेव्हही तिथेच कुरकुरतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'प्रिफर्ड बँड' असतो, तो 5 वर ठेवा. हा पर्याय सगळ्या कार्डांत नसतो. मग राउटरच्या दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि लॅपटॉप 5 च्या नावालाच जोडा. दोन-तीन भिंती पलीकडे मात्र 5 दमतो, तिथे 2.4 च बरा. यूएसबी 3 ची हार्ड डिस्क लॅपटॉपला लावलेली असेल तर ती लांबच्या वायरने दूर ठेवा. तिच्यामुळे 2.4 मध्ये गोंगाट होतो, हे इंटेलने 2012 मध्ये मोजून दाखवलंय.

पुढे टास्क मॅनेजर उघडा आणि 'नेटवर्क' या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त नेट खाणारा वर येईल. बहुधा वनड्राइव्ह किंवा विंडोज अपडेट. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घाला. अपलोड तुंबलं की डाउनलोडही रखडतं, कारण आलेल्या मालाची पोच त्याच वाटेने जाते. अपडेटच्या 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये इंटरनेटवरच्या इतर कॉम्प्युटरना फाइली देणं चालू असेल तर बंद करा.

एक तपासणी मी कधीच सोडत नाही. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर स्पीड टेस्ट नव्वदच्या वर, पण अमेरिकेतल्या सर्व्हरवरून फाइल उतरताना सेकंदाला जेमतेम 300 केबी. दोन संध्याकाळी आम्ही केबलीच बदलत बसलो. कारण निघालं ते कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने बंद केलेलं ऑटो-ट्यूनिंग, म्हणजे पोच न देता एका वेळी किती माल घ्यायचा हे विंडोजने आपोआप ठरवणं. ते बंद असलं की समोरचा सर्व्हर 64 केबी पाठवून पोचेची वाट बघत थांबतो. अमेरिकेला जाऊन यायला 200 मिलिसेकंद धरले तर सेकंदाला पाचच खेपा, म्हणजे 320 केबी. स्पीड टेस्टचा सर्व्हर जवळचा, शिवाय ती एकदम अनेक जोडण्या उघडते, म्हणून तिथे काहीच कळत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'नेटएसएच आयएनटी टीसीपी शो ग्लोबल' (netsh int tcp show global) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. 'रिसीव्ह विंडो ऑटो-ट्यूनिंग लेव्हल'समोर 'नॉर्मल' हवं. नसेल तर त्याच आज्ञेत 'शो'च्या जागी 'सेट' घाला, शेवटी 'ऑटोट्यूनिंगलेव्हल=नॉर्मल' (autotuninglevel=normal) जोडा. भाच्याची फाइल लगेच पळायला लागली.

'विंडोज 20 टक्के नेट राखून ठेवतं, ते शून्य करा' हा सल्ला मात्र ऐकू नका. ती राखीव जागा कुणी मागितली तरच वापरली जाते, एरवी सगळं नेट तुमचंच असतं. वेग वाढवून देणारी सॉफ्टवेअर टाकू नका. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 केल्याने पान उघडायला लागणारा सुरुवातीचा वेळ कमी होऊ शकतो, डाउनलोड वाढत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर आकडा लिहा. एवढं करूनही केबलवरचा आकडा प्लॅनच्या निम्म्यावर राहिला, तर आता फोन लावा. तीन दिवसांचे आकडे वेळेसकट समोर ठेवा आणि 'केबल थेट राउटरला लावून मोजलंय, लिंक स्पीडही बघितलाय' हे पहिल्याच वाक्यात सांगा.