एलईडी पारची ब्राइटनेस सॉफ्टवेअरवरून कमी-जास्त करताना या चुका टाळा

डिमरचा, म्हणजे उजेडाचा, फेडर (सरकपट्टी) वर नेला आणि पार (स्टेजचा रंगीत दिवा) लाल झाला? मग पार तीन चॅनेलच्या (फक्त लाल, हिरवा, निळा) मोडवर आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये सात चॅनेलचं प्रोफाइल (पारच्या चॅनेलची यादी) निवडलंय. पहिल्या चॅनेलवर सॉफ्टवेअर डिमरची किंमत पाठवतं, पार तीच लालची समजतो. लालच्या फेडरवर हिरवा लागतो, हिरव्यावर निळा. पारच्या मागच्या डिस्प्लेवर मोड बघा आणि तोच सॉफ्टवेअरमध्ये निवडा. सात चॅनेलच्या पारना पत्ते (पहिल्या चॅनेलचे क्रमांक) 1, 8, 15, 22 असे द्या. पत्ते एकमेकांवर चढले, तर एका पारचा रंग दुसऱ्याची ब्राइटनेस बदलत राहतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुहेरी डिमिंगचा. डिमर चॅनेल असलेल्या पारमध्ये उजेड म्हणजे डिमर गुणिले रंग. डिमर 255 पैकी 128 वर आणि रंगही 128 वर ठेवला, तर अर्धा नव्हे, जेमतेम पाव उजेड मिळतो. म्हणून रंग रंगाच्या फेडरवर ठरवा आणि उजेड फक्त डिमरवर. काही सॉफ्टवेअरमध्ये ग्रँड मास्टर (सगळ्या दिव्यांचा एकत्र फेडर) डिमरसोबत लाल-हिरवा-निळाही खाली आणतो, तिथेही हेच होतं. अशा वेळी ग्रँड मास्टर पूर्ण वर ठेवा, एक वेगळा सबमास्टर (निवडक चॅनेलचा फेडर) बनवा आणि त्यात फक्त डिमरचे चॅनेल निवडा. डिमर चॅनेलच नसलेल्या पारला मात्र सॉफ्टवेअरमधला व्हर्च्युअल डिमर लावावा लागतो, कारण तिथे तिन्ही रंग एकाच प्रमाणात उतरवायचे असतात.

या उतरवण्यातही एक मेख आहे. केशरी रंग 255, 100, 0 असा धरा. 10 टक्क्यांवर तो 26, 10, 0 होतो, इथवर ठीक. 1 टक्क्यावर 3, 1, 0 उरतो, आणि त्याखाली हिरवा आधी विझून नुसता लाल राहतो. संथ ब्लॅकआउटच्या शेवटी रंग उडी मारताना दिसतो तो यामुळे. पारमध्ये 16 बिट डिमिंगचा मोड असेल तर तो घ्या: 256 ऐवजी 65,536 पायऱ्या मिळतात, फक्त फाइन डिमरचा (बारीक पायऱ्यांचा) चॅनेल प्रोफाइलमध्येही असायला हवा. डिमर कर्व्ह (फेडर सरकेल तसा उजेड किती वाढावा हे ठरवणारी सेटिंग) मात्र पारमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये, एकाच ठिकाणी लावा. दोन्हीकडे लावला, तर फेडरचा खालचा बराचसा भाग काळाच जातो.

फेडर खाली ओढूनही उजेड हटत नसेल, तर मागे एखादा सीन (साठवलेली प्रकाशरचना) चालूच राहिलेला असतो. ब्राइटनेसचे चॅनेल साधारणपणे एचटीपीवर चालतात, म्हणजे जास्त किंमत जिंकते. चालू सीन आणि चेस (एकामागून एक आपोआप बदलणारे सीन) एकेक करून बंद करा, दोषी लगेच सापडतो. कशानेच फरक पडत नसेल तर तयार रंगांचा किंवा ऑटो प्रोग्रॅमचा चॅनेल शून्यावर आहे का बघा. तो वर असला की बरेच पार रंगांचे फेडर जुमानतच नाहीत.

आणि एलईडी पारची वीज कधीही डिमर पॅकमधून (साध्या बल्बच्या दिव्यांचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रातून) देऊ नका. आतल्या पॉवर सप्लायला सतत पूर्ण व्होल्टेज लागतं. कापलेल्या व्होल्टेजवर पार लुकलुकतो, पुढे सप्लायच जळू शकतो.