ग्राफीन आणि सोन्याच्या नॅनोकणांची पारदर्शक वाहक फिल्म

पडद्यांत सहसा वापरल्या जाणाऱ्या इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक वाहकाचा थर वाकवला की त्याला तडे जातात, म्हणून लवचीक पडद्यांसाठी ग्राफीनचा, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्याचा, विचार होतो. त्याचा एक थर दृश्य प्रकाशाचा जेमतेम 2.3 टक्के भाग शोषतो. पृष्ठरोध (पातळ थराचा विद्युत रोध) मात्र बराच असतो आणि तो सोन्याच्या नॅनोकणांनी कमी करता येतो.

तांब्याच्या पातळ पत्र्यावर, सुमारे 1000 अंश सेल्सिअसला, मिथेन व हायड्रोजनच्या प्रवाहात वाढवलेले ग्राफीन घ्यावे. वरच्या बाजूस आधारासाठी पीएमएमए या प्लॅस्टिकचा लेप द्यावा आणि मागच्या बाजूस वाढलेले ग्राफीन ऑक्सिजन प्लाझ्माने (आयनित ऑक्सिजन वायूने) काढून टाकावे. ही पायरी गाळली, तर त्याचेच तुकडे पुढे फिल्मला चिकटतात. मग पत्रा अमोनियम परसल्फेटच्या द्रावणावर तरंगत ठेवावा. तांबे विरघळल्यावर उरलेली, जवळजवळ न दिसणारी फिल्म शुद्ध पाण्यावर दोन-तीनदा धुऊन काचेवर तिरकी उचलावी, कारण आडवी उचलल्यास खाली पाणी अडकते आणि वाळताना नेमक्या तिथेच सुरकुत्या पडतात. पूर्ण वाळल्यावर पीएमएमए ॲसिटोनने काढावे.

त्यानंतर गोल्ड क्लोराइडचे नायट्रोमिथेनमधील सौम्य द्रावण (10 मिलिमोलर पुरे) स्पिन कोटरवर (वेगाने फिरवून द्रव पसरवणाऱ्या यंत्रावर) पसरावे. सोन्याचे आयन ग्राफीनकडून इलेक्ट्रॉन घेऊन कणरूपाने बसतात व ग्राफीनमध्ये धन विद्युतभाराचे वाहक वाढून पृष्ठरोध घटतो. अधिक वाहकतेच्या हव्यासाने द्रावण तीव्र केले, तर कण फुगतात आणि पारदर्शकता घटते. नायट्रोमिथेन ज्वलनशील असल्याने हे काम वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच करावे. शेवटी चार टोकांच्या प्रोबने पृष्ठरोध आणि 550 नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशाची पारगम्यता मोजावी.