संत्र्याच्या मुळाशी सूत्रकृमी पकडणारी बुरशी ओळखताना या चुका टाळा

पोळा जवळ आला की माझ्या टेबलावर मातीच्या पिशव्या जमू लागतात. काही काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांनी आणलेल्या असतात, काही एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी गोळा केलेल्या असतात, आणि सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: झाडाच्या मुळांवरचे सूत्रकृमी (दोऱ्यासारखे अतिसूक्ष्म कृमी) पकडून खाणारी बुरशी या मातीत आहे का, आणि असल्यास ती कोणती? कळमेश्वरकडच्या एका बागायतदाराने गेल्या वर्षी तोच प्रश्न अधिक नेमका विचारला होता. "सर, हे बुरशी मुळीले खाते का कृमीले?" त्याचे उत्तर देताना विद्यार्थी चुकतात आणि पुष्कळदा मीही चुकलो आहे, म्हणून त्या चुका येथे नोंदवून ठेवत आहे.

पहिली चूक सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचण्याआधीच होते. सूत्रकृमींवर जगणाऱ्या सगळ्याच बुरशींना सरसकट 'शिकारी बुरशी' म्हटले जाते, पण त्यांच्या जगण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीला शोधण्याची रीतही वेगळी आहे. आर्थ्रोबॉट्रिस, ड्रेक्स्लरेला आणि डॅक्टिलेलिना या वंशांतील बुरशी आपल्या कवकतंतूंपासून, म्हणजे बारीक धाग्यांपासून, सापळे तयार करतात आणि फिरता सूत्रकृमी त्यांत अडकतो. ड्रेक्मेरिया किंवा हार्पोस्पोरियम यांना सापळा नसतोच. त्यांचे बीजाणू सूत्रकृमीच्या अंगाला चिकटतात किंवा गिळले जातात आणि बुरशी त्याच्या शरीराच्या आत वाढते. पर्प्युरिओसिलियम लिलासिनम आणि पोकोनिया क्लॅमिडोस्पोरिया यांचा भर अंड्यांवर आणि एका जागी बसलेल्या माद्यांवर असतो.

संत्र्याच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो, कारण लिंबूवर्गीय झाडांवरील सूत्रकृमी, म्हणजे टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स, आयुष्यभर सारखा फिरत नाही. त्याची मादी डोक्याकडचा भाग मुळाच्या सालीत रुतवून बसते, फुगलेला मागचा भाग बाहेर ठेवते आणि अंडी एका चिकट द्रवात घालते. त्या चिकट द्रवाला मातीचे कण धरून राहतात, त्यामुळे अशी बारीक मुळे नळाखाली कितीही धुतली तरी मळकट दिसतात. बसलेली मादी जाळ्यात सापडत नाही. सापडतात ती अंड्यातून बाहेर पडून मुळाच्या शोधात निघालेली पिल्ले आणि नर. म्हणून अंड्यांच्या पुंजक्यात दिसलेली बुरशी सापळे लावणारी आहे असे लिहिणे चुकीचे आहे, आणि सापळे लावणारी बुरशी सापडली म्हणून मुळावर बसलेल्या माद्या संपल्या असे समजणेही तितकेच चुकीचे आहे. बाजारात मिळणाऱ्या जैविक कीटकनाशकाच्या पुड्यावर 'पॅसिलोमायसिस' असे लिहिलेले असले तर ते पर्प्युरिओसिलियमचेच जुने नाव आहे हे लक्षात ठेवावे. हे नाव २०११ साली बदलले, पण दुकानदाराच्या तोंडी अजून जुनेच आहे.

नमुन्याच्या बाबतीत फार लिहीत नाही. झाडाच्या घेराच्या कडेखाली, जेथे पांढरी बारीक मुळे असतात तेथून, १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवरची ओलसर माती मुळांसह घ्यावी. बुंध्याजवळची किंवा वरची भेगाळलेली काळी माती घेऊ नये. घेतलेला नमुना उन्हात वाळवू नये आणि गोठवूही नये. दुचाकीच्या डिक्कीत दुपारभर राहिलेली प्लास्टिकची पिशवी नागपूरच्या उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते, आणि मग आठवडाभर काहीच उगवले नाही की दोष बिचाऱ्या आगरला, म्हणजे ज्या जेलीसारख्या थरावर बुरशी वाढवतात त्याला, दिला जातो.

आगरची चूक मात्र सर्वांत जास्त वेळा होते. महाविद्यालयात बुरशी वाढवायची म्हटले की हात आपोआप बटाटा-डेक्स्ट्रोज आगरकडे जातो. त्यावर मातीचे कण पसरले की चार दिवसांत ॲस्परजिलस, रायझोपस आणि ट्रायकोडर्मा यांचे रान माजते आणि सापळेवाली बुरशी, जी मुळात सावकाश वाढते, त्यांच्याखाली दडून जाते. यदाकदाचित ती वेगळी काढता आली तरी पोटभर अन्न असलेल्या आगरवर, आणि सूत्रकृमी जवळ नसताना, ती बहुधा सापळे तयार करतच नाही. कवकतंतू, बीजाणू, पांढरट वसाहत एवढेच दिसते आणि ती कोणतीही साधी बुरशी वाटते. आर्थ्रोबॉट्रिस ओलिगोस्पोरा या बुरशीला १८५० साली नाव मिळाले, पण ती जिवंत सूत्रकृमी पकडते हे झोफ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८८ साली दाखवून दिले. मधली ३८ वर्षे ही बुरशी शास्त्रज्ञांच्या डोळ्यांसमोरच होती, हे आठवले की विद्यार्थ्यांवर रागावण्याची माझी इच्छा कमी होते.

उपाय सोपा आहे आणि स्वस्तही. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम आगर, बाकी काही नाही. हे पाणी-आगर निर्जंतुक करून ९ सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये पातळ थरात ओतावे, कारण जाड थरातून सूक्ष्मदर्शकाने नीट पाहता येत नाही. त्याच्या मध्यावर साधारण एक ग्रॅम माती विरळ शिंपडावी आणि त्यावर जिवंत सूत्रकृमींचे थोडे पाणी टाकावे. सावज म्हणून टायलेंक्युलसच हवा असे नाही. ओटच्या लापशीत वाढणारा पॅनॅग्रेलस रेडिव्हिव्हस हा निरुपद्रवी सूत्रकृमी त्यासाठी उत्तम आहे. माशांची हौस असलेले लोक पिल्लांना खाऊ म्हणून तो पाळतात आणि त्याला मायक्रोवर्म म्हणतात. तो मिळाला नाही तर शेणखत घातलेल्या बागेची माती टिश्यू पेपरात ठेवून पाणी भरलेल्या फनेलमध्ये रात्रभर टेकवावी. सकाळी रबरी नळीच्या तळाशी पुरेसे सूत्रकृमी उतरलेले असतात. डिशा २५ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवाव्यात. मे महिन्यात कूलर लावलेली खोली त्यासाठी चालत नाही, इनक्युबेटरच हवा.

यानंतर होणारी चूक घाईची. तिसऱ्या दिवशी काही दिसले नाही म्हणून डिश फेकली जाते. पहिल्या आठवड्यात जिवाणू आणि जलद वाढणाऱ्या बुरशी यांचाच गलबला असतो; सापळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतात आणि काही डिशा मी सहाव्या आठवड्यापर्यंत पाहतो. झाकण न काढता, डिश तशीच मंचावर ठेवून, आधी ४० पट आणि मग १०० पट वर्धनाखाली मातीच्या कणांच्या कडा तपासाव्यात. डिशमध्ये माइट (कोळ्याच्या जातीचे अतिसूक्ष्म जीव) शिरले असतील तर ती वेगळी करावी, कारण ते एका डिशमधून दुसरीत बीजाणू नेतात.

आता या सगळ्यातली मोठी चूक. मृत सूत्रकृमीच्या अंगात कवकतंतू दिसले म्हणजे त्या बुरशीनेच त्याला मारले, असे ठरत नाही. मेलेल्या सूत्रकृमीत कोणतीही मृतोपजीवी, म्हणजे मेलेल्या पदार्थांवर जगणारी, बुरशी शिरू शकते. काही वर्षांपूर्वी मी एका डिशमध्ये सात-आठ रिकामे, पारदर्शक सूत्रकृमी कवकतंतूंत गुंतलेले पाहिले आणि वहीत मोठ्या उत्साहाने 'शिकार' असे लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी ४०० पट वर्धनाखाली शांतपणे पाहिले तेव्हा लक्षात आले की ती शिकार नव्हतीच, त्या कातींच्या नुसत्या खोळी होत्या. सूत्रकृमी प्रौढ होईपर्यंत चार वेळा कात टाकतात. वहीतला तो शब्द मी खोडला, पण पान फाडले नाही, ते अजून नव्या विद्यार्थ्यांना दाखवतो.

खात्री करायची असेल तर जिवंत सूत्रकृमींची परीक्षा घ्यावी. संशयित बुरशी वेगळी वाढवून पाणी-आगरवर न्यावी, तिच्यावर नुकतेच धुतलेले, वळवळणारे सूत्रकृमी सोडावेत आणि शेजारी बुरशीशिवायची एक डिश तुलनेसाठी ठेवावी. आर्थ्रोबॉट्रिस ओलिगोस्पोरा असेल तर साधारण एका दिवसात तिचे जाळे दिसू लागते. अडकलेला सूत्रकृमी शेपटी आपटत राहतो, चिकटलेला भाग मात्र हलत नाही; मग त्या जागी त्वचेतून बुरशीचा तंतू आत शिरतो, आत एक गोलसर फुगवटा तयार होतो आणि त्यातून निघालेले कवकतंतू शरीर भरून टाकतात. हा क्रम, किंवा निदान सापळा आणि आतला फुगवटा एकत्र, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवालात 'भक्षक' हा शब्द लिहू नये. पाहणी पूर्ण होईपर्यंत लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हा रंग लावू नये; तो सुरेख चढतो, पण हालचाल तेथेच थांबते.

सापळा ओळखतानाही गफलत होते. दोन कवकतंतू एकमेकांना जोडले गेले की मध्ये वळे तयार होते आणि नवशिक्याला ते फास वाटते. आगरमधला हवेचा बुडबुडाही एखाद्याला फास वाटलेला मी पाहिला आहे. आर्थ्रोबॉट्रिस ओलिगोस्पोराचे जाळे एका पातळीत नसते. एकावर एक चढलेल्या कमानी फोकस वर-खाली करताना क्रमाने स्पष्ट होतात आणि त्यांचे तंतू नेहमीच्या तंतूंपेक्षा जाड, चिकट असतात. डॅक्टिलेलिनाच्या काही जातींत देठावर चिकट गाठी असतात. कड्यांच्या बाबतीत जास्त सांभाळावे लागते, कारण आवळणारी आणि न आवळणारी अशी दोन्ही कडी सहसा तीन पेशींचीच असतात आणि उघडी असताना सारखीच भासतात. ड्रेक्स्लरेलाचे कडे सूत्रकृमीचा आतून स्पर्श होताच सुमारे एक दशांश सेकंदात आवळते: तिन्ही पेशी आतल्या बाजूला फुगतात आणि मधले छिद्र बुजते. न आवळणारे कडे बारीक देठावर असते. सूत्रकृमी त्यात घुसून अडकतो, धडपडीत देठ तुटतो आणि तो कडे गळ्यात घालूनच निघून जातो, बुरशी मग त्या कड्यातून आत वाढते. फुगलेल्या पेशींचे एक तरी कडे सापडेपर्यंत वंशाचे नाव पेन्सिलीनेच लिहिलेले बरे.

सापळ्यावरून फार तर वंशापर्यंत जाता येते, जातीसाठी बीजाणू पाहावे लागतात. ओलिगोस्पोराचे बीजाणू उभ्या दांड्यावर गाठीगाठींवर झुपक्यांनी लागतात, आकाराने पेअरसारखे, दोन पेशींचे असतात आणि मधला पडदा मध्यावर नसून देठाकडे सरकलेला असतो. लांबी साधारण २२ ते ३२ मायक्रोमीटर, रुंदी १२ ते २०. आर्थ्रोबॉट्रिस सुपर्बात पडदा जवळजवळ मध्यावर असतो, तर म्युसिफॉर्मिसचे बीजाणू नावाप्रमाणे केळ्यासारखे वाकलेले असतात. येथे होणारी चूक म्हणजे दोन-चार बीजाणू मोजून थांबणे, किंवा नेत्रिकेतील मोजपट्टी त्या भिंगासाठी प्रमाणित न करताच आकडे लिहिणे. मी किमान ३० बीजाणू मोजायला लावतो. विद्यार्थी कुरकुर करतात.

झाडाच्या खोडावर किंवा कुजक्या फांदीवर आढळणाऱ्या बुरशींसाठी वरचे निकष जसेच्या तसे लावणे ही आणखी एक चूक आहे. लाकडात नायट्रोजन फार कमी असतो, आणि लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशी ती कमतरता सूत्रकृमींकडून भरून काढतात. आपण बाजारातून आणतो ती धिंगरी अळिंबी याच गटातली आहे. तिला ना जाळे, ना कडे. तिच्या तंतूंवरील बारीक देठाच्या गोळ्यांत विष असते आणि त्याचा स्पर्श झालेला सूत्रकृमी काही मिनिटांत लुळा पडतो, मग तंतू त्याच्याकडे वाढत येतात. थॉर्न आणि बॅरन यांनी १९८४ साली अशा मांसाहारी अळिंब्यांकडे लक्ष वेधले. तिच्या जवळच्या होहेनब्यूहेलियाच्या तंतूंवर डमरूच्या आकाराच्या चिकट गाठी असतात. अशा बुरशींत तंतूंच्या पडद्यापाशी छोटी आकडी दिसते, ती आर्थ्रोबॉट्रिसमध्ये कधीच नसते. म्हणून लाकडावरून घेतलेल्या नमुन्यात सापळा दिसला नाही म्हणून निकाल 'नाही' असा देण्याआधी आकडी आणि गोळ्या शोधाव्यात. इंटरनेटवर झाडाच्या लाकडातील सूत्रकृमी म्हणून जी चित्रे दिसतात ती बहुधा पाइनवरील बर्साफेलेंकसची असतात आणि त्यांच्यासोबत एस्टेया या बुरशीचे चंद्रकोरीसारखे बीजाणू दाखवलेले असतात. ती जपान, चीन, कोरियाकडची गोष्ट आहे. काटोलच्या संत्र्याच्या मुळाशी सापडलेली बुरशी तिच्याशी ताडून पाहण्यात वेळ घालवू नये.

डीएनएचा अहवाल हाती आला की सगळे प्रश्न सुटले, असेही समजू नये. एका बीजाणूपासून वाढवलेली शुद्ध बुरशी पाठवली नसेल तर अहवाल डिशमधल्या भलत्याच बुरशीचा येतो. शिवाय १९९९ साली सापळ्यांच्या प्रकारानुसार या वंशांची फेरमांडणी झाली, पण जनुकीय संग्रहांतील कित्येक नोंदी अजून मोनॅक्रोस्पोरियम अशा जुन्या नावांखाली पडून आहेत, त्यामुळे अहवालातील जुळणाऱ्या नोंदींच्या यादीतले सर्वांत वरचे नाव उतरवून न घेता ते सापळ्याशी आणि बीजाणूंशी जुळते का, हे पाहावे.

कळमेश्वरच्या त्या नमुन्यात १९व्या दिवशी जाळे दिसले. बीजाणू ओलिगोस्पोराच्या मापात बसले, सोडलेले सूत्रकृमी दुसऱ्या सकाळी अडकलेले होते. मुळे मात्र धुऊनही मळकट होती आणि त्यांवर माद्या भरपूर होत्या. मी त्या बागायतदारांना फोन करून सांगितले की बुरशी कृमीलाच खाते, मुळीला नाही, पण मुळीवर बसलेल्या माद्यांना ती हात लावत नाही. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मंग त्या बसलेल्यायचं काय करू, ते सांगा." पुढच्या आठवड्यात ते अंड्यांचे पुंजके असलेली मुळे घेऊन आले, ओल्या गोणपाटात गुंडाळून.