पहिल्या उड्डाणाआधी: 1:10 मापाचं हरिकेन

रिमोटवर उडणारं युद्धविमानाचं मॉडेल करायचं म्हटलं की बहुतेकांना दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश स्पिटफायरच हवं असतं. करा, पण दुसरं किंवा तिसरं म्हणून. स्पिटफायरची चाकं एकमेकांच्या फार जवळ असतात. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर ते धावता धावता गर्रकन फिरतं आणि पंखाचं टोक घासतं. त्याच काळातल्या हॉकर हरिकेनची चाकं चांगली ऐसपैस असतात आणि पंखही जाड असतो. शिवाय हे आपलंही विमान आहे. 1944 साली इंफाळच्या वेढ्यात अर्जन सिंगांची, भारतीय हवाई दलाची 1 नंबर स्क्वॉड्रन हरिकेनच उडवत होती.

खऱ्या हरिकेनच्या पंखांची लांबी 12.19 मीटर, म्हणजे 1:10 मापात साधारण 122 सेंटीमीटर. गाडीच्या मागच्या सीटवर मावेल इतकंच. माप ठरवताना वजनही तेव्हाच ठरवा आणि ते 2 किलोच्या आत ठेवा. यामागे उड्डाणाइतकंच कायद्याचंही कारण आहे. ड्रोन नियम 2021 आपल्या रिमोटच्या विमानांनाही लागू आहेत. 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोपर्यंतचं विमान 'मायक्रो' गटात येतं. ते धंद्यासाठी उडवत नसाल, तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणीचे सध्याचे नियम वाचून घ्या आणि मैदान कुठल्या झोनमध्ये येतं ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर बघा. ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत मुभा आहे, पण विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते. पुण्यात लोहगाव विमानतळ मध्येच बसलेला असल्यामुळे ही तपासणी बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) कापायच्या आधीच करा.

बांधणीत सगळ्यात जास्त वेळ मागच्या धडाला द्या. हरिकेनचा तो भाग खऱ्या विमानातही लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचाच होता, त्यामुळे बाल्साच्या मॉडेलवर तो अस्सल दिसतो. एक काम मात्र चुकवू नका. आडव्या फॉर्मरच्या, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या चौकटींच्या, कडा दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत सँडपेपरने किंचित खोलगट करा. मग आवरण फक्त पट्ट्यांवर टेकतं आणि उभ्या वळ्या उठत नाहीत. एवढ्या एका गोष्टीने मॉडेल विकतचं वाटत नाही. शेपटीचा आडवा पंख मात्र प्रमाणापेक्षा दहाएक टक्के मोठा घ्या. मापाचे कट्टर लोक नाकं मुरडतील, मुरडू देत. छोट्या मॉडेलला तेवढी शेपूट लागतेच. पंखांची टोकं मुळापेक्षा दोनेक अंश, पुढची कड खाली येईल अशी पिळून ठेवा, म्हणजे वेग कमी झाला तरी टोक आधी स्टॉल होऊन (उचल गमावून) विमान एका बाजूला कोसळणार नाही.

हरिकेनचं नाक आखूड, म्हणून शेपूट जड होते. बॅटरी जेवढी पुढे ढकलता येईल तेवढी ढकला. तरीही नाकात शिसं घालावं लागतंच. आपल्या भागातल्या हरिकेनला नाकाखाली धूळ अडवणारा मोठा फिल्टर असायचा, तो बनवा आणि शिसं त्यातच दडवा. सीजी, म्हणजे विमान तोललं जातं तो बिंदू, प्लॅनवर दाखवला असेल तिथेच धरा. दाखवला नसेल तर पुढच्या कडेपासून पंखाच्या सरासरी रुंदीच्या 25 ते 28 टक्क्यांवरून सुरुवात करा. तोलताना बॅटरी आत हवी आणि रंगही झालेला हवा, कारण रंगालाही वजन असतं.

रंगात एक खाचखळगा आहे. ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांच्या गोल खुणेतून लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. त्यामुळे गडद निळ्यात फिकट निळा एवढंच रंगवा. हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचं विमान मागे डोंगर आला की शंभर मीटरवर दिसेनासं होतं. पहिल्या उड्डाणापुरती एका पंखाखाली पिवळी चिकटपट्टी लावा, फोटो नंतर काढा. तीन पात्यांचा देखणा प्रॉप (पंखा) ही नंतरच. आधी दोन पात्यांचा लावा आणि सोबत दोन जादा ठेवा.

आदल्या रात्री टेबलावरच सगळं तपासा. विमानाच्या मागे उभं राहून रिमोटची स्टिक उजवीकडे केली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर जायला हवं, आणि स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखाची पट्टी) वर. नवीन विमानात उलटं बसलेलं एलेरॉन ही गंमत वाटते तेवढी दुर्मीळ नाही. फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबवणारी सोय) तपासताना प्रॉप काढा, मग ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, बंद करून मोटर थांबते का बघा. हालचाल कमी ठेवणारा 'लो रेट' एका स्विचवर ठेवा. लिपो बॅटरी पूर्ण भरली की प्रत्येक सेलला 4.2 व्होल्ट दिसायला हवेत. चार्जिंग चालू असताना झोपायला जाऊ नका.

दिवस डिसेंबर-जानेवारीतला, सकाळचा, गवताची पानं जेमतेम हलतील एवढ्याच वाऱ्याचा निवडा. पावसाळ्यानंतर मैदानावर वाढलेलं गवत आधी जाऊन बघा; गुडघाभर असेल तर चाकं अडकून विमान नाकावर आपटेल. जमीनमालकाला सांगून ठेवा. सोबत एक जाणता माणूस हवा. रिमोट तुमच्याच हातात राहील, पण टेकऑफनंतर विमान सरळ ठेवणारं ट्रिमचं बटण दाबायला आणि पोरांना मागे ठेवायला तो लागतो.

मैदानावर ट्रान्समीटर आधी, बॅटरी नंतर; बंद करताना उलट. रेंज चेकचा मोड लावून तीसेक पावलं लांब जा आणि सगळे सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) न थरथरता चालतात का बघा. मग मोटर पूर्ण जोरात चालवून तेच पुन्हा, आणि त्या वेळी कोणीतरी विमान मागून घट्ट धरलेलं हवं. वाऱ्याच्या तोंडावर उभं करा. थ्रॉटल एकदम देऊ नका, हळूहळू वाढवा, आणि उजवा रडर (शेपटीची उभी पट्टी) तयार ठेवा. नाक डावीकडे ओढतंच. उंची मिळाली की आधी वेग कमी करून स्टॉल कसा होतो ते वरच बघून घ्या, म्हणजे उतरताना किती हळू यायचं ते कळेल. टायमर चार मिनिटांवर. उतरल्यावर मोटर हाताला किती गरम लागते ते बघा, चाकांचे आणि मोटरचे स्क्रू एकदा आवळा, आणि घरी आल्यावर बॅटरी सेलमागे 3.8 व्होल्टवर आणूनच ठेवा.