सेकंड हँड गाडी घेतली का? मग सायलेन्सरच्या आधी ब्रेक बघा (या चुका टाळा)

सोयाबीन मोंढ्यावर गेलं, पट्टी हातात आली की आपल्याकडं पोरं गाडी बघायला निघतात. नवी परवडत नाही म्हणून कुणाची तरी वापरलेली स्प्लेंडर, पॅशन, शाईन नाहीतर जुनी पल्सर घरी येते, पेढे वाटून होतात, आणि दुसऱ्या दिवशी गडी जातो कुठं तर ॲक्सेसरीजच्या दुकानात. सायलेन्सर, एलईडी, रंगीत ग्रिप, टाकीवर रेडियमनं नाव. मागचा ब्रेक दाबला तर गाडी पार पुढच्या गल्लीत जाऊन थांबायली, ते म्हणे नंतर बघू! माझं म्हणणं एवढंच आहे की आधी गाडी कंपनीनं दिली होती तशी करून घ्या, तशीच महिनाभर चालवा, आणि मग ठरवा तिला काय लावायचं ते. निम्म्या लोकांना तेव्हा कळतं की काहीच लावायची गरज नव्हती.

"ऑइल आत्ताच बदललंय" यावर विश्वास ठेवणं

विकणारा खोटंच बोलतो असं नाही, पण इंजिन धूर मारत असेल तर त्यात जाड ऑइल टाकून विकायची पद्धत जुनी आहे. १०डब्ल्यू३० लागणाऱ्या गाडीत २०डब्ल्यू५० ओतलं की धूर आणि खडखड दोन्ही काही दिवस दबून राहतात. म्हणून गाडी घरी आली की पहिलं काम ऑइल काढणं. इंजिन जरा गरम करा, खाली पसरट भांडं ठेवा आणि काढलेलं ऑइल उन्हात धरून बघा. बारीक चमक जुन्या गाडीत थोडीफार दिसतेच, पण बोटाला लागतील असे धातूचे कण किंवा तुकडे निघाले तर वरचा सगळा खर्च थांबवा आणि आधी इंजिन दाखवा. नवं ऑइल टाकून पाचशेक किलोमीटरनं परत एकदा बदला, आतला जुना गाळ तेव्हा निघतो. आणि घरी कारचं ऑइल उरलंय म्हणून ते ओतू नका, बाईकचा क्लच त्याच ऑइलमधी बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्या.

धुराचं पण समजून घ्या. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की निळा धूर येतो आणि मग थांबतो, तर बहुतेक वॉल्वच्या सीलचं काम आहे. रेस दिली की प्रत्येक वेळी निळा धूर येत असेल तर रिंग-बोअरकडं (पिस्टनच्या रिंगा आणि तो फिरतो ती नळी) बघावं लागतं. पहिल्यात थोडक्यात भागतं, दुसऱ्यात हाफ इंजिन निघतं. मिस्त्रीनं न बघताच "पूर्ण इंजिन करावं लागतंय" म्हणलं तर कामून ते विचारा की!

एका बिघाडासाठी पाच पार्ट बदलणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, आणि सगळ्यात जास्त लोक हीच करायलेत. एक नमुना सांगतो. गाडी घरून निघाली की दहा-बारा किलोमीटर एकदम मस्त पळते, मग गुदमरल्यासारखी होते आणि बंद. दहा मिनिटं थांबलं, दोन बिड्या झाल्या, की परत चालू. मिस्त्रीकडं नेली की त्याच्या दारात तर ती चालूच असते, मग तो कार्बुरेटर साफ करतो, पुढच्या खेपेला प्लग बदलतो, त्याच्या पुढच्या खेपेला सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा), मग ठिणगीची कॉइल, आणि गाडी गंगाखेड रोडला त्याच जागी बंद पडते. आता बंद पडली की एवढंच करा, टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली, तर दुखणं झाकणात आहे. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, आपल्याकडच्या फुफाट्यानं ते बुजतं, टाकीत हवा जात नाही मग पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण काढून हवा मारा, छिद्र मोकळं करा, खर्च शून्य.

झाकणानं फरक पडला नाही तर पेट्रोल कॉकखालचा पाइप काढून बाटलीत धार बघा (इंजिन थंड असताना, आणि बिडी-काडी लांब ठेवून). धार बारीक किंवा तुटक असेल तर कॉकची जाळी गंजानं भरलीय, टाकी काढून धुवावी लागेल. जी गाडी सहा-सहा महिने गोठ्याच्या कडेला अर्ध्या टाकीवर उभी होती तिच्यात हे हमखास निघतं, त्यात आता पेट्रोलमधी इथेनॉल असतंय आणि ते पाणी ओढून घेतं. जुन्या गाडीचा पेट्रोलचा रबरी पाइप पण दाबून बघा, कडक झाला असेल किंवा चिरा दिसत असतील तर बदलून टाका, स्वस्तात मिळतो.

धार पण चांगली आहे तर मग प्लग काढा. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय नाहीतर एअर फिल्टर चोंदलाय, ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, पांढराफट असेल तर पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. विटकरी-तपकिरी असेल तर प्लगला हात लावू नका. काहीही करा पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गाडी कशानं सुधारली ते मिस्त्रीलाही कळत नाही.

२०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस६ (धुराच्या नव्या नियमातल्या) गाड्यांचं गणित वेगळं आहे, बहुतेकांत कार्बुरेटर नाही, पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आहे. चावी लावल्यावर टाकीतून पंपाचा झुंई आवाज येतो का ऐका, इंजिनचा दिवा पेटून राहिला तर स्कॅनर असलेल्याकडं न्या, ठोकाठोकी करणाऱ्याकडं नको. आणि कायम रिझर्व्हवर चालवू नका, पंप पेट्रोलमधीच थंड राहतो.

बॅटरी मेली म्हणून नवी बॅटरी

आधी मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवते. चालू करून जरा रेस द्या, साडेतेरा ते साडेचौदा दिसायला पाहिजे. तेराच्या खालीच राहत असेल तर चार्जिंग होत नाही, इंजिनमधली चार्जिंग कॉइल किंवा आरआर युनिटमधी (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर) घोळ आहे, नवी बॅटरी पण महिन्यात मरेल. पंधराच्या वर जात असेल तर आरआर गेलंय, ते बॅटरी उकळून टाकतं आणि बल्ब उडवतं.

आणि मग ते एलईडी. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट त्याच चार्जिंग कॉइलच्या करंटवर चालतो, म्हणून रेस दिली की उजेड वाढतो. त्यावर एलईडी लावला की लुकलुक करतो, मग वायर कापून बॅटरीवर घेतात, छोटी बॅटरी आधीच अर्धमेली असते, चार दिवसांत सेल्फ बंद. वर काळ्या टेपनं गुंडाळलेले जॉइंट, पहिल्या पावसात तिथंच शॉर्ट होतं. लाइट वाढवायचीच असेल तर रिले आणि फ्यूज घालून करा, आणि उगं ताकदीचा बल्ब लावून होल्डर वितळवू नका. खरं सांगायचं तर पिवळी पडलेली हेडलाइटची काच आणि आतला काळपट रिफ्लेक्टर बदलला तरी निम्मं काम होतं.

ब्रेक, चेन, टायर

मागचा ड्रम उघडून बघाच. काळ्या मातीच्या रस्त्यानं चालवलेली गाडी असेल तर आत चिखल वाळून त्याची भुकटी झालेली असते, ब्रेक शू काचेसारखे गुळगुळीत. नुसतं रॉड ताणून भागत नाही. मागच्या चक्रीवर चेन मधोमध धरून मागं ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेन संपलीय, आणि बदलायची तर दोन्ही चक्र्यांसकट सेट बदला, नुसती चेन टाकली की जुने दात तिला खाऊन टाकतात. जळकं ऑइल चेनवर ओतायची सवय सोडा, धूळ चिकटून त्याची घासणारी पेस्ट होते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, हँडल हळू फिरवा, मधीच अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलची बेअरिंग) गेलाय. मागचं चाक धरणारा चिमटा धरून आडवा हलवा, हलला तर बुश गेलेत.

टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसूद्या, रबरला चिरा असतील तर मे महिन्याच्या डांबरावर त्याचा भरवसा नाही. जाड टायर लावायची लई हौस असते, पण रिम तेवढीच असली की टायर नीट बसत नाही, चेनला घासतो आणि ॲव्हरेज पडतं.

कागद

नाव ट्रान्सफर ठेवू नका (फॉर्म २९ आणि ३०), आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर बँकेच्या एनओसीबरोबर फॉर्म ३५ पण घ्या. एमएच २३ ची गाडी लातुरात आणली असेल तर बीड आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते का ते आरटीओत विचारून घ्या. इन्शुरन्सही स्वतःच्या नावावर करून घ्या. हे सगळं विकणारा फोन उचलतोय तोवर.

सायलेन्सरचं राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनानं फेरफार चालत नाहीत, फटफट आवाजाच्या सायलेन्सरवर दंड होतोच, आणि बीएस६ गाडीत सेन्सर आणि धूर साफ करणारा कन्व्हर्टर त्याच नळीत असल्यानं इंजिनचा दिवा पेटतो तो वेगळा. तरी कुणाला लावायचाच असेल तर जुना कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नका, पंधरा वर्षांनी रिपासिंगला गाडी नेताना तोच शोधत फिरावं लागतं.