टर्मिनल हँग झालेलं नाही, ते तुमच्या यसची वाट बघतंय

कोल्हापुरात उद्यमनगरातलं वर्कशॉप असू दे नाहीतर राजारामपुरीतलं झेरॉक्सचं दुकान, जुन्या पीसीवर विंडोजऐवजी उबुंटू ही फुकटची लिनक्स सिस्टीम टाकली की एक तक्रार ठरलेली, पार्टीकडनं आलेलं कोटेशन उघडलं की टेबल पार विस्कटतंय. एरियल, टाइम्स न्यू रोमन हे फॉन्ट उबुंटूत नसतात ना. मग कोणतरी सांगतं उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज टाक, म्हणजे हे फॉन्ट आणणारं पॅकेज त्यासोबत येतंय, ते टाकताना मधेच अख्ख्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोवर, इंग्रजी मजकुराची चौकट येते, खाली ओके, आणि माऊसनं कितीबी क्लिक करा ढिम्म हलत नाही. गडी वैतागून विंडोच बंद करतो. भावा, तेवढं करू नका.

टॅब दाबा, ओकेवर रंग आला की एंटर. पुढच्या पडद्यावर लायसन्स मान्य आहे का विचारतंय, तिथं बाणाच्या बटणानं यसवर जा आणि मग एंटर. घाईत नोवर एंटर बसला तर फॉन्ट येत नाहीत. मग टीटीएफ-एमएसकोअरफॉन्ट्स-इन्स्टॉलर हे फॉन्टचं पॅकेज एपीटीनं, म्हणजे सॉफ्टवेअर टाकायच्या-काढायच्या कमांडनं, आधी पर्ज करायचं, म्हणजे सेटिंगसकट काढायचं, आणि परत इन्स्टॉल करायचं, नुसतं रिमूव्ह नको, कारण पर्ज केल्यावरच जुनं उत्तर पुसलं जातं आणि प्रश्न परत येतो.

विंडो आधीच बंद केली असंल तर टर्मिनलमध्ये ही कमांड द्या: सुडो (ॲडमिनच्या हक्कानं चालवायला) लावून डीपीकेजी, पुढं दोन डॅश कॉन्फिगर, मग डॅश ए. अर्धवट राहिलेलं काम तिथनं पुढं चालू होतंय.

एवढा सोपस्कार का, तर हे फॉन्ट मायक्रोसॉफ्टचे. 1996 ला त्यांनी फुकट दिले, 2002 ला आपल्या साईटवरनं काढले, पण मूळ फाईल जशीच्या तशी वाटायला लायसन्समध्ये परवानगी होती म्हणून त्या सोर्सफोर्ज या डाउनलोडच्या साईटवर अजून आहेत. पॅकेजमध्ये स्वतः फॉन्ट नसतातच, यस म्हटल्यावर ते तिथनं ओढून आणतंय, त्यामुळं नेट चालू पाहिजे.

क्लासच्या लॅबमध्ये ढीगभर मशीन असतील तर डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स या कमांडनं लायसन्सच्या प्रश्नाचं उत्तर आधीच भरून ठेवा. नुसतं नॉनइंटरॅक्टिव्ह, म्हणजे काही न विचारता बसवायचा मोड, लावून भागत नाही, त्यात डिफॉल्ट उत्तर धरलं जातं आणि ते नो आहे.

आणि हो, यात मराठी फॉन्ट एकपण नाही. त्याला फॉन्ट्स-लोहित-देवा वेगळं टाका, ते ओपन लायसन्सचं आहे, काही न विचारता बसतंय.