अडून बसलेलं गिऱ्हाईक कसं सांभाळावं: दुकानात आणि भरलेल्या थिएटरात

वैशाखातली दुपार. आमच्या साडीच्या दुकानात गादीवर चौदा माणसं बसलेली. बस्ता होता. नवरदेवाची आई एकेक साडी हातात घ्यायची, काठ चाचपायची आणि बाजूला सारायची. साठ-पासष्ट साड्या उलगडून झाल्या, दाखवणारा पोरगा घामाघूम झाला, आणि बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुमच्याकडं दाखवण्यासारखा मालच नाही."

मी गल्ल्यावरून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की साडी नाकारण्याआधी दर वेळी त्यांचा अंगठा घडीखालच्या किमतीच्या चिठ्ठीवर जात होता. शेजारी नवरीकडची आत्या बसली होती आणि तिच्यादेखत "एवढी महाग नको" हे शब्द त्यांच्या तोंडातून निघत नव्हते. मी आत्याबाईंना म्हटलं, "मावशी, चहा येतोय तोवर ओटीचे खण बघून घ्या ना," आणि त्यांना पलीकडच्या कपाटापाशी नेऊन बसवलं. परत येऊन हळूच विचारलं, "काकू, मानपानाची साडी कितीच्या आत बसवूया?" त्यांनी आकडा सांगितला. पुढच्या अर्ध्या तासात सगळ्या साड्या निघाल्या.

मी चौदा वर्षं दुकानात आणि त्यातली दहा वर्षं शनिवार-रविवारी गावातल्या टॉकीजवर काम केलं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. माणूस ज्यावरून आवाज चढवतो, ते त्याचं खरं दुखणं क्वचितच असतं, आणि चारचौघांत त्याची मान खाली गेली की तो माघार घेऊच शकत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याला मान ताठ ठेवून माघार घेता यावी यासाठीच आहेत.

पायरी १: नियम आधी स्वतः पाठ करा

आपली बाजू कुठं खरी आणि कुठं लंगडी हे ठाऊक नसलं की आवाज आपोआप चढतो. त्यामुळं ही तयारी दुकान उघडण्याआधीची.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. परतीची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, आणि काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवस. म्हणजे "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी भिंतीवर असली, तरी विरलेल्या किंवा रंग सोडणाऱ्या साडीसमोर ती तुम्हाला वाचवणार नाही. ती पाटी काढून टाका. तिच्या जागी परतीची मुदत आणि अटी मोठ्या मराठी अक्षरांत लावा आणि बिलावरही छापा. नुसतं "घरी गेल्यावर रंग आवडला नाही" यासाठी मात्र कायदा तुम्हाला बांधत नाही. तिथं तुमचं धोरण तुम्ही ठरवा, पण ते सगळ्यांना सारखं असू द्या. ओळखीच्या वहिनींना बदलून दिलं आणि अनोळखी बाईला नाही म्हटलं, तर ती बाई भांडेल आणि ते रास्तच असेल.

पाकीटबंद वस्तूवर छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. यावरून गिऱ्हाईक बोललं तर वाद न घालता पैसे परत द्या. गिऱ्हाईकाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचं नाव काढलं तर ती धमकी समजू नका. तो त्याचा हक्क आहे. "जरूर करा, पण त्याआधी मला एकदा प्रयत्न करू द्या" एवढंच म्हणा.

पायरी २: हातातलं काम थांबवा आणि ऐका

साड्यांच्या घड्या घालत, मोबाईलवर नजर ठेवत किंवा नोटा मोजत ऐकणं म्हणजे न ऐकणं. हात थांबवा, समोर बघा, माणसाला पुरतं बोलू द्या. मधे "पण" आणू नका. त्याचं संपलं की त्याचंच म्हणणं थोडक्यात त्याला सांगा: "म्हणजे परवा नेलेली साडी, पहिल्याच धुण्यात काठाचा रंग पदरावर उतरला, आणि रविवारी नेसायची आहे. बरोबर ना, ताई?" त्यातला "रविवार" तुम्हाला ऐकू आला, हे तिला कळलं पाहिजे. तिची खरी घाई तीच आहे.

हाक कशी मारता याला फार महत्त्व आहे. ताई, दादा, काकू, मावशी, पाव्हणं, जिथं जे चालतं ते. शहरातल्या दुकानात तरुण मुलीला "काकू" म्हटलं तर पुढचं सगळं मुसळ केरात. वयाचा अंदाज येत नसेल तर "ताई" म्हणा.

पायरी ३: बघ्यांपासून बाजूला घ्या

"इकडं उजेडात बघूया" हे वाक्य मी शेकडो वेळा वापरलंय. त्यात आरोप नाही, हाकलणं नाही, आणि माणूस चार पावलं चालला की अर्धा राग उतरतो. बसायला स्टूल द्या, पाणी द्या. बसलेला माणूस उभ्या माणसाइतका ओरडत नाही.

पायरी ४: तपासणी त्याच्या डोळ्यांदेखत करा

रंग गेल्याची तक्रार घेऊन एक ताई आल्या. साडीला फॉल लावलेला, पिको झालेली, आणि निऱ्यांवर पिवळसर डाग. आमचा पोरगा कुजबुजला, "हळद सांडलीय." असेलही. पण ते बोलून दाखवलं असतं तर आम्ही तिला चोर ठरवलं असतं. मी पांढरा सुती रुमाल ओला केला, पिळला आणि साडीच्या काठावर दहा वेळा घासला. मग त्यांच्याच हातात दिला. रुमालावर लालसर पट्टा उमटला होता. डाग हळदीचा होता, पण काठही खरोखर रंग सोडत होता. आम्ही साडी बदलून दिली आणि ती खेप व्यापाऱ्याकडं परत पाठवली.

उलटंही होतं. रुमाल कोरा निघतो. तेव्हाही तो रुमाल गिऱ्हाईकाच्याच हातात द्या आणि गप्प राहा. त्याला स्वतःला दिसू द्या. "बघा, मी म्हणत नव्हतो?" हे शब्द जिभेवर आले तरी गिळा. थोडं थांबून म्हणा, "डाग काढणारा एक चांगला माणूस मला माहीत आहे, पत्ता देऊ का?"

पायरी ५: नाही म्हणायचंच असेल तर एकदाच, कारणासकट

सकाळी सकाळी येऊन "भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवू नये" असं म्हणत निम्मी किंमत मागणारे सगळ्यांना माहीत आहेत. पाच वेळा "परवडत नाही" म्हणून सहाव्यांदा दिलंत, तर तुम्हीच त्याला शिकवलंत की सहा वेळा मागावं लागतं. जेवढं कमी करायचं तेवढं पहिल्याच खेपेला करा आणि तिथं थांबा. "ही पंधराशेच्या खाली नाही बसत, मावशी. बाराशेत हाच काठ पण साधा पदर आहे, तो काढू?" नकार आणि पर्याय एकाच दमात द्यायचा, मधे पोकळी ठेवायची नाही.

आता थिएटर

इथं हिशोब बदलतो. दुकानात तुमच्याकडं वेळ असतो, चहा असतो, बसायला जागा असते. थिएटरात शो सुटायला आणि भरायला मधे पंधरा-वीस मिनिटं, आणि एका माणसाशी बोलताना मागं दोनशे उभे. म्हणून इथली निम्मी कामं गर्दी यायच्या आधी उरकावी लागतात.

पायरी ६: शोच्या आधी अर्धा तास

पिण्याचं पाणी चालू आहे का बघा. बाहेरचं खाणं आणू न देण्याचा अधिकार थिएटरला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, पण त्याचबरोबर स्वच्छ पिण्याचं पाणी मोफत दिलं पाहिजे आणि तान्ह्या बाळासाठी बेताचं खाणं आणू दिलं पाहिजे, हेही सांगितलं. दारावरच्या माणसाला हे तिन्ही भाग ठाऊक हवेत. बाळाची दुधाची बाटली अडवून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी आईच बरोबर होती.

सुटे पैसे आणून ठेवा. मध्यंतरात नेटवर्क गेलं की सगळी रांग रोख काढते.

दारावर एक माणूस तिकिटं फाडायला आणि दुसरा फक्त अडलेल्यांसाठी ठेवा. हे एवढं केलंत तरी निम्मे वाद होत नाहीत.

पायरी ७: चुकीचं तिकीट

रविवारचा सहाचा शो, हाऊसफुल्ल. एक गृहस्थ बायको, दोन पोरं आणि आईला घेऊन आलेले. फोनवर तिकीट आहे पण आत त्यांच्या खुर्च्यांवर माणसं बसलेली. आवाज एव्हाना रस्त्यावर पोचला होता. दुसऱ्या माणसाने त्यांना बाजूला घेतलं, फोन त्यांच्याच हातात राहू दिला आणि म्हणाला, "दादा, मला चष्मा नाही, जरा वाचून दाखवता? सिनेमा? वेळ? तारीख?" तारखेपाशी ते थांबले. तिकीट पुढच्या रविवारचं होतं. पोरं बापाकडं बघत होती. आमचा माणूस लगेच म्हणाला, "बुकिंग करताना तारखेचं असं होतं, कालच दोघांचं झालं. नऊच्या शोला पाच जागा सलग आहेत, ठेवू का?" त्यांनी ठेवायला सांगितल्या. पोरांसमोर त्यांच्या बापाला कोणी चुकलास म्हटलं नाही, म्हणूनच ते शक्य झालं.

पायरी ८: दोन गोष्टींवर कधीच ढळू नका

पहिली, जादा खुर्ची. "एक खुर्ची टाका ना, मी मधल्या वाटेत बसतो" म्हणणारा दर हाऊसफुल्लला भेटतो. ओळखीचा असतो, कधी गावातला मोठा माणूस असतो. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आग लागली आणि ५९ माणसं गेली. बाल्कनीत जादा आसनं बसवून बाहेर पडायच्या वाटा अडवल्या गेल्या होत्या. हे कारण मी समोरच्याला शांतपणे सांगते, तारखेसकट. ते ऐकल्यावर बहुतेक जण पुढं बोलत नाहीत. बोलले, तरी खुर्ची टाकायची नाही. मालकाने फोन केला तरी नाही.

दुसरी, 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा. अठरा वर्षांखालच्या कुणालाही आत सोडता येत नाही, आईवडील बरोबर असले तरीही. "माझा मुलगा आहे, मी ठरवीन" हे 'यूए'च्या बाबतीत खरं आहे. २०२३ च्या दुरुस्तीपासून त्यात ७, १३ आणि १६ असे वयोगट आहेत आणि निर्णय पालकांचा असतो. 'ए'ला तसं नाही. पण हे दारात सांगू नका, खिडकीवर तिकीट देतानाच विचारा. पैसे भरून, रांग लावून आलेल्या माणसाला दारात परत पाठवणं हा आपला ढिसाळपणा आहे.

पायरी ९: अंधारात

सिनेमा चालू असताना कोणाचा फोन लखलखतोय, कोणी मोठ्यानं बोलतंय अशी तक्रार आली, तर तक्रार करणाऱ्याचं नाव किंवा जागा दाखवू नका. बॅटरीचा झोत जमिनीवर धरा, तोंडावर कधीच नाही. त्या माणसाच्या पातळीवर खाली वाका आणि कानाशी एकच वाक्य बोला: "दादा, मागच्यांना पडदा दिसत नाहीये, फोन तेवढा खिशात ठेवा." आणि लगेच निघून जा. तिथं उभं राहून तो ठेवतोय का हे बघत बसलात, तर तो ठेवणार नाही. दाराशी येऊन बघा.

फोनवर पडदा चित्रित करत असेल तर गोष्ट वेगळी. तो गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे. तिथं व्यवस्थापकालाच बोलवा, स्वतः फोन हिसकावू नका.

पायरी १०: शिवीगाळ झाली तर

गिऱ्हाईक रागावू शकतं, पण त्याने शिवी देणं, अंगावर येणं, बाईमाणसाच्या अंगाला हात लावणं, यातलं काहीही सहन करायचं नाही. एकदाच स्पष्ट सांगा: "तुमची अडचण मी सोडवीन, पण ही भाषा नको." पुन्हा तेच झालं तर दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवून तुम्ही बाजूला व्हा. हात उगारला तर ११२ लावा.

मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: अशा वेळी गिऱ्हाईकासमोर आपल्या पोरीला झापू नका. ती दहा तास उभी असते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्यानं बंधनकारक केलं. आपण कोणी सांगायची वाट का बघायची? गल्ल्यामागं एक स्टूल ठेवा. पाय दुखत असताना कुणाचाच आवाज गोड राहत नाही.

पायरी ११: वही ठेवा

रात्री बंद करताना दोन ओळी लिहा: तारीख, वेळ, काय झालं, कुठं झालं. माणसाचं नाव नको, जागा हवी.

टॉकीजच्या वहीत लागोपाठ तीन रविवारी एकाच जागेचे वाद दिसले, पाचव्या आणि सहाव्या रांगेत, "माझ्या खुर्चीवर दुसरा बसलाय." तोवर आम्ही प्रेक्षकांनाच अडाणी समजत होतो. सोमवारी सकाळी मी बॅटरी घेऊन आत गेले, सगळे दिवे मालवले आणि त्या रांगेपाशी उभी राहिले. टोकाच्या खुर्चीवर इंग्रजी 'ई' रंगवलेलं होतं. पायांच्या घासण्यानं त्याची खालची आडवी रेघ पार पुसून गेली होती, आणि अंधारात ते सरळ सरळ 'एफ' वाचलं जात होतं. दुपारच्या शोआधी पेंटरला बोलावून ती रेघ पुन्हा काढून घेतली.